थर्ड डिग्री दिली की माहिती मिळते का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्र. हे लिहायची वेळ का आली?

मी ठाणे कोर्टात क्रिमिनल साइडला वकिली करतो, राहायला कळव्याला. २१ जुलै २०२५ ला ७/११ च्या, म्हणजे २००६ च्या मुंबई लोकल ट्रेन ब्लास्टचा हायकोर्टाचा निकाल आला, सगळे आरोपी सुटले, आणि त्या दिवसापासून जो भेटेल तो मला एकच विचारतो, वकीलसाहेब, मारल्याशिवाय अतिरेकी तोंड उघडतो का हो? मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर विचारतात, बार रूममध्ये विचारतात, परवा एका साखरपुड्यात तर हातात जिलबी घेऊन विचारलं. प्रत्येकाला अर्धवट उत्तर देऊन कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. यातलं नैतिक काय अनैतिक काय ते मी मुद्दाम बाजूला ठेवलंय, कारण लोक मला ते विचारतच नाहीत, त्यांना फक्त 'चालतं का' एवढंच हवं असतं.

प्र. पेपरात तर रोज छापून येतं, 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला'. मग चालतं म्हणजे चालतंच ना?

हे वाक्य मी लहानपणापासून वाचतोय आणि मला वाटतं आपल्या सगळ्यांची समजूत याच वाक्याने घडवलीय. पण पोपटासारखा म्हणजे काय हो? पोपट काय बोलतो? आपण शिकवलेलं तेच बोलतो ना!

गंमत सोडा, मुद्दा असा की कबुली वेगळी आणि माहिती वेगळी. कबुली म्हणजे 'हो साहेब मीच केलं'. ती मिळवायला समोरच्याला काहीही माहीत असायची गरज नसते, फक्त मार सहन न होणं एवढंच पुरतं. माहिती म्हणजे जे विचारणाऱ्याला आधी ठाऊक नव्हतं, खरं निघालं आणि वेळेत मिळालं ते. तिन्ही पाहिजेत. थर्ड डिग्रीने कबुली मिळते यात कुणालाच शंका नाही, हजारो वर्षं मिळतेय. वाद आहे तो माहितीचा. आणि आपण बोलताना दोन्ही एकाच पिशवीत टाकतो.

प्र. एखादं साधं उदाहरण द्या ना, एकदम दहशतवाद वगैरे नको.

देतो. काही वर्षांपूर्वी खारघरला माझ्या ओळखीच्यांच्या सोसायटीत एका मेंबरची बाईक गेली. रात्रपाळीचा वॉचमन नवीन होता, बीडकडचा पोरगा. कमिटीतल्या तिघाचौघांनी त्याला पंपरूममध्ये नेला, काय 'समजावलं' ते त्यांचं त्यांना माहीत. वीस मिनिटांत पोरगा म्हणाला मीच दिली. कुणाला दिली? तर एक नाव सांगितलं. कुठे? कळंबोलीत, ट्रक टर्मिनलच्या मागे. लोक दोन गाड्या काढून कळंबोलीला गेले, तिथे काही नाही. परत आले, परत समजावलं. आता म्हणे तळोजा एमआयडीसी. तिकडे गेले. तिथेही काही नाही. तिसऱ्यांदा त्याने पनवेलच्या एका गॅरेजचं नाव सांगितलं, ते गॅरेज खरं होतं, म्हणून त्या बिचाऱ्या गॅरेजवाल्यालाही दोन कानाखाली बसल्या.

बाईक सेक्रेटरीच्या भाच्याने चावी घेऊन नेली होती, लोणावळ्याला, मित्रांबरोबर. रविवारी रात्री आणून परत जागेवर लावली.

आता बघा, त्या पोराने तीन पत्ते दिले. एकही 'मला माहीत नाही' नाही, कारण 'माहीत नाही' म्हटलं की मार पडायचा आणि पत्ता सांगितला की गाडी जाऊन परत येईपर्यंत तासभर मार थांबायचा. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्ही पण कळंबोलीच म्हणाला असता. ज्याला काही माहीत नाही तोही बोलतो आणि ज्याला माहीत आहे तोही बोलतो आणि दोघांचा आवाज ऐकायला सारखाच येतो. सगळा प्रॉब्लेम इथे आहे.

प्र. पण कधीकधी खरं पण बोलतच असतील की?

बोलतात, आणि हे नाकारणारे लोक मला पटत नाहीत. जर्मनीत फ्रँकफर्टला २००२ मध्ये एका लॉच्या विद्यार्थ्याने ११ वर्षांच्या मुलाला किडनॅप केलं होतं. पैसे घ्यायला आला तेव्हा पाळत ठेवून पकडला, पण मुलगा कुठे ते सांगेना. तिथल्या उपप्रमुख पोलीस अधिकाऱ्याने हुकूम दिला की याला सांगा, आयुष्यात कधी झाल्या नसतील अशा वेदना देऊ. मारलं नाही, नुसती धमकी. थोड्याच वेळात त्याने जागा सांगितली आणि जागा बरोबर निघाली. मुलगा मात्र आधीच मेलेला होता, त्याने पहिल्याच दिवशी मारलं होतं.

म्हणजे माहिती खरी निघाली. पण का निघाली ते बघा. एक, माणूस नक्की तोच होता, पैसे घेताना पाहिलेला. दोन, प्रश्न 'वस्तू कुठे आहे' असा होता, ज्याचं उत्तर तासाभरात जाऊन तपासता येतं. असे दोन्ही योग जुळले तर धाकाने खरं निघू शकतं. 'अजून कोण कोण आहे, पुढचा प्लॅन काय' या प्रश्नांना तपासायची अशी सोय नसते, आणि दहशतवादाच्या केसमध्ये विचारायचं असतं ते नेमकं हेच. पुढे त्या अधिकाऱ्यावर केस झाली, दोषी ठरला, आणि २०१० मध्ये युरोपच्या मानवी हक्क कोर्टानेही सांगितलं की ती धमकी बेकायदाच होती. आरोपीला जन्मठेप झाली ती त्याने कोर्टात परत दिलेल्या कबुलीवर.

प्र. आपल्याकडे पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही म्हणतात, मग पोलीस मारतात कशाला?

हा खरा वकिली प्रश्न, म्हणून जरा लांबड लावतो.

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे, एव्हिडन्स अ‍ॅक्टचं कलम २५, आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३. इंग्रजांना काही आपल्याबद्दल माया नव्हती. मद्रास इलाख्यात महसूल वसुलीसाठी आणि चोऱ्या कबूल करून घ्यायला इतका छळ चालायचा की १८५४ मध्ये त्यांना चौकशी कमिशन बसवावं लागलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की अशा कबुल्यांवर काही उभंच राहत नाही. १८७२ चा हा कायदा ज्याने लिहिला तो जेम्स फिट्झजेम्स स्टीफन, त्याने नंतर इंग्लंडात गेल्यावर एक किस्सा लिहून ठेवलाय. हिंदुस्थानातले पोलीस कैद्यांना का छळतात असा विषय निघाला, तेव्हा इथला एक अनुभवी अधिकारी म्हणाला आळस हे मोठं कारण, उन्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या बापड्याच्या डोळ्यात तिखट चोळणं बरं वाटतं. मे महिन्यात ठाण्यात दुपारी दोन वाजता कुणी पंचनाम्याला निघालंय असं डोळ्यासमोर आणा, तो अधिकारी काय म्हणत होता ते लगेच कळेल.

पण नियमाला एक खिडकी ठेवलीय. जुनं कलम २७. आरोपीने कोठडीत सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, चाकू, दागिने, मोबाईल, तर तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं चालतं. नव्या कायद्यातही ती खिडकी तशीच आहे. त्यामुळे तपासाचं सगळं वजन 'रिकव्हरी'वर. आरोपी म्हणतो चला हत्यार काढून देतो, दोन पंच, निवेदन पंचनामा, मग खाडीच्या कडेला झुडपात चाकू. यातल्या बऱ्याच रिकव्हऱ्या खऱ्या असतात, नाही असं नाही. पण उलटतपासणीला पंच उभा राहतो आणि कळतं की हाच पंच गेल्या वर्षी अजून चार केसमध्ये होता, आणि चाकू असा कोरा की कालच बाजारातून आणल्यासारखा. अशा पंचाला आम्ही स्टॉक पंच म्हणतो. तर कबुली चालत नाही हे पोलिसांना पाठ आहे, पण मार वस्तूपर्यंत नेतो किंवा निदान नेल्यासारखं दाखवता येतं, म्हणून पट्टा अजून खुंटीला आहे. त्या पट्ट्याला आपल्याकडे लाडाने बाजीराव म्हणतात ही एक वेगळीच दुःखाची गोष्ट, थोरल्या बाजीरावांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं.

प्र. अमेरिकेने तर ९/११ नंतर हे सगळं शास्त्रशुद्ध करून बघितलं ना?

शास्त्रशुद्ध हा शब्द नको. सीआयएने जेम्स मिचेल आणि ब्रूस जेसन या दोन मानसशास्त्रज्ञांना हाताशी धरलं. दोघांनी आयुष्यात एकाही अल कायदावाल्याची चौकशी केलेली नव्हती. त्यांचा अनुभव होता तो अमेरिकन सैनिकांना 'शत्रूने पकडलं तर कसं टिकायचं' ते शिकवायच्या ट्रेनिंगचा. ते ट्रेनिंग रचलं होतं कोरियन युद्धात चिन्यांनी अमेरिकन वैमानिकांवर वापरलेल्या पद्धतींवरून, आणि त्या पद्धतींनी चिन्यांनी काय मिळवलं होतं? 'आम्ही जंतूंचे बॉम्ब टाकले' अशा खोट्या कबुल्या. म्हणजे जे हत्यार खोटं वदवून घेण्यासाठी नावाजलेलं ते यांनी खरं काढायला घेतलं. त्यांच्या कंपनीला ८ कोटी डॉलरच्या वर पैसे मिळाले. ऐकून मला वकिली सोडावीशी वाटली.

अल कायदाचा म्हणून पकडलेल्या अबू झुबैदाला ऑगस्ट २००२ मध्ये ८३ वेळा वॉटरबोर्डिंग केलं, म्हणजे फळीला बांधून तोंडावर कपडा टाकून पाणी ओतायचं, बुडाल्यासारखं होतं. खालिद शेख मोहम्मदला मार्च २००३ या एका महिन्यात १८३ वेळा. आता मला सांगा, जे 'चालतं' ते १८३ वेळा का करावं लागतं? क्रोसिन घेतल्यावर ताप उतरला नाही तर आपण १८३ गोळ्या घेतो का.

आणि ९/११ चा मास्टरमाइंड खालिद शेख हे कळलं कसं? तर त्याच झुबैदाकडून, पण आधी, हॉस्पिटलमध्ये, एफबीआयच्या लोकांकडून. त्यातला अली सुफान अरबी बोलणारा, जखमी माणसाच्या उशाशी बसून गप्पा मारून काढून घेतलं. मग वरून हुकूम आला, एफबीआय बाजूला झाली आणि पाणी सुरू झालं.

प्र. पण सीआयएवाले तर अजून म्हणतात की त्यामुळेच लादेन सापडला?

म्हणतात, आणि त्यांची बाजू सांगायलाच पाहिजे. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या इंटेलिजन्स कमिटीने या कार्यक्रमाच्या अहवालाचा सारांश बाहेर काढला, मूळ अहवाल ६,७०० पानांचा, सारांशच पाचशेच्या वर पानं. त्यात हिशोब असा: ११९ कैदी, त्यातले निदान २६ चुकून धरलेले, ३९ जणांवर ते वॉटरबोर्डिंगसारखे जादा प्रकार केले, आणि त्यातल्या ७ जणांकडून काहीच माहिती आली नाही. सीआयए ज्या २० यशांचा डंका पिटायची ती एकेक तपासून कमिटी म्हणाली की हा दावा टिकत नाही.

यावर रिपब्लिकन मेंबरांनी वेगळं मत लिहिलं, माजी डायरेक्टर लोक चिडले, म्हणाले तुम्ही आमच्या एकाही अधिकाऱ्याची मुलाखत न घेता नुसत्या कागदांवरून निकाल दिला. हा आक्षेप मला अगदीच फालतू वाटत नाही. साक्षीदार न तपासता निकाल दिला तर मीही अपिलात जाईन. पण मजा बघा, त्यावेळचे डायरेक्टर जॉन ब्रेनन स्वतः काय म्हणाले, की या कैद्यांकडून उपयोगी माहिती आली, पण ती त्या प्रकारांमुळे आली का, ते कळायला मार्ग नाही. सीआयएचा डायरेक्टर असं बोलतो तेव्हा आमच्या वकिली भाषेत त्याला अ‍ॅडमिशन म्हणतात, म्हणजे आपल्याच विरुद्ध जाणारी गोष्ट मान्य करणं.

लादेनचं म्हणाल तर धागा होता त्याच्या कुरियरचा, अबू अहमद अल कुवैती. कुरियरबद्दलची सगळ्यात चांगली माहिती दिली हसन गुलने, इराकच्या कुर्दिस्तानात पकडला गेला जानेवारी २००४ मध्ये, आणि ती दिली त्याच्यावर काही प्रकार व्हायच्या आधी. उलट खालिद शेखने, १८३ वेळा पाणी प्यालेल्या माणसाने, हा कुरियर महत्त्वाचा नाही असंच सांगितलं. सीआयएचं म्हणणं की तो खोटं बोलतोय हे आम्ही ओळखलं आणि त्यावरूनच कुरियर मोठा आहे हे कळलं. असेलही. पण खोटं कशावरून ओळखलं? दुसरीकडची खरी माहिती आधीच हातात होती म्हणून! मग माहिती कुठून आली सांगा.

प्र. खोट्या माहितीने एवढं काय बिघडतं? दहातली नऊ खोटी असली तरी एक खरी मिळाली की झालं.

हा हिशोब कागदावर छान दिसतो. नऊ खोटे पत्ते म्हणजे नऊ टीम, नऊ दारं फोडलेली, नऊ घरांतले लोक कायमचे पोलिसांच्या विरोधात. दिवा, ऐरोली, कोपरखैरणे, सगळीकडे माणसं पळवायची आणि खऱ्या पत्त्यावर पोचेपर्यंत तिथून सामान हललेलं. खालिद शेखने पाण्याखाली सांगितलं होतं की अमेरिकेतल्या मोंटानात काळे मुस्लिम भरती करायला माणूस पाठवलाय, झाली तिकडे धावपळ, नंतर म्हणाला की ते मी बनवून सांगितलं होतं.

पण सगळ्यात महाग पडलेलं खोटं म्हणजे इब्न अल शेख अल लिबीचं. हा अफगाणिस्तानात ट्रेनिंग कॅम्प चालवणारा, २००१ च्या शेवटी पकडला, अमेरिकेने त्याला इजिप्तच्या हवाली केला, तिथे छळ झाला, आणि तिथे तो म्हणाला की सद्दाम हुसेनच्या इराकने अल कायदाला रासायनिक आणि जैविक अस्त्रांचं ट्रेनिंग दिलं. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेलने युनोत जगासमोर जे भाषण केलं त्यात ही गोष्ट होती, नाव न घेता. पुढच्याच महिन्यात इराकवर हल्ला. २००४ मध्ये लिबीने सांगितलं की मार थांबावा म्हणून त्यांना हवं ते बोललो.

'त्यांना हवं ते'. इजिप्तमधल्या त्या खोलीत प्रश्नच असा होता की उत्तर त्यात होतं. इराकचं काय? इराकचं काय? कुणीही म्हणेल इराकचं आहे म्हणून.

प्र. टाइम बॉम्बचं काय? ठाणे स्टेशनवर बॉम्ब आहे, एक तास उरलाय, ज्याने ठेवला तो तुमच्या समोर बसलाय. तुम्ही मारणार नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणारा नेहमी जिंकल्यासारखा चेहरा करतो.

सकाळी नऊचं ठाणे स्टेशन मी रोज बघतो, हा प्रश्न माझ्यासाठी नुसता वर्गातला नाही. पण प्रश्नात किती गोष्टी गुपचूप घुसवल्यात ते मोजा. बॉम्ब आहे हे नक्की माहीत. एक तास उरला हेही माहीत. याने ठेवला हेही माहीत. दहा प्लॅटफॉर्म, वर पूल, बाहेर सॅटिस म्हणजे बसचा उंचावरचा रस्ता, त्यातली जागा तेवढी माहीत नाही. एवढी पक्की खबर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जागेचीच कशी नाही? आणि एवढं सगळं माहीत असेल तर मी मारत बसणार नाही, स्टेशन रिकामं करीन, गाड्या मुलुंड-कळव्याला थांबवीन.

आणि घड्याळ कुणाच्या बाजूने आहे? त्याला फक्त एक तास काढायचाय. 'प्लॅटफॉर्म पाचवर, कचऱ्याच्या डब्यात', बॉम्बशोधक पथक तिकडे, वीस मिनिटं गेली. 'नाही, तिकीटघराजवळ', अजून वीस. अल्जीरियात फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्यांना सूचनाच होती म्हणतात, पकडलात तर २४ तास कळ काढा, तेवढ्यात बाकीचे जागा बदलतील.

इस्रायलचं उदाहरण इथे देतात लोक. तिथे १९८७ मध्ये लँडाऊ कमिशनने अशाच टाइम बॉम्बच्या नावाने 'माफक शारीरिक दबाव' चालेल म्हटलं. मग दहा-बारा वर्षांत तो बॉम्ब इतका पसरला की रोजच्या चौकशीतच हा माफक दबाव यायला लागला, आणि १९९९ मध्ये त्यांच्याच सुप्रीम कोर्टाने त्या पद्धती बेकायदा ठरवल्या. मात्र एक फट ठेवली, खरंच तशी वेळ आली तर अधिकारी नंतर खटल्यात 'नाइलाज होता' असा बचाव घेऊ शकतो. ती फट बरोबर की चूक यावर आमच्या बार रूममध्ये दोन तट आहेत आणि दोन्ही तटांत माझे मित्र आहेत.

प्र. वेदना झाल्या की आठवण ताजी होते ना? शाळेत छडी खाल्ली की पाढे आठवायचे.

मला तर छडी बघून येणारे पाढे पण विसरायला व्हायचे.

डब्लिनचे मेंदूतज्ज्ञ शेन ओमारा यांनी यावर बरंच काम केलंय. झोप न देणं, उपाशी ठेवणं, जीव जाईल असं भय, याने मेंदूचा आठवणी काढून देणारा भागच नीट चालत नाही. माणूस खरं सांगायला तयार झाला तरी त्याला खरं काय ते धड आठवत नाही, आणि ऐकलेलं-घडलेलं-कल्पनेतलं याची भेसळ होते. अमेरिकेत चार्ल्स मॉर्गन यांनी ५०० च्या वर सैनिकांवर बघितलं, खोट्या युद्धकैदी छावणीत ज्याने अर्धा तास समोरासमोर उभं राहून जोरदार चौकशी केली त्याला दुसऱ्या दिवशी ओळखायला सांगितलं, तर निम्म्याहून जास्त जणांना बरोबर ओळखता आलं नाही. हे धडधाकट, ट्रेनिंगवाले जवान, आणि आपलं खरंच काही होणार नाही हे माहीत असलेले. मग आठ दिवस न झोपलेल्या माणसाने सांगितलेली तारीख आणि पत्ता किती धरायचा ते तुम्हीच ठरवा.

प्र. मग न मारता बोलतं कोण? चहा पाजायचा का?

हो! थट्टा नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाचा हान्स शार्फ म्हणून होता, फ्रँकफर्टजवळ ओबरउर्सेलला पकडलेल्या अमेरिकन वैमानिकांची चौकशी करायचा. आवाज चढवायचा नाही. फिरायला न्यायचा, गप्पा मारायचा, आणि आपल्याला सगळं आधीच माहीत आहे असं दाखवायचा, कारण त्याने प्रत्येक स्क्वाड्रनची बारीकसारीक माहिती जमवलेली असायची. एकदा सहज बोलला की तुमच्याकडे केमिकल संपलं वाटतं, तुमच्या ट्रेसर गोळ्यांचा धूर लालऐवजी पांढरा दिसतो हल्ली. समोरचा पायलट म्हणाला छे छे, पांढरा म्हणजे गोळ्या संपत आल्याची खूण. झालं, पाहिजे ते मिळालं आणि देणाऱ्याला पत्ता नाही की आपण काही दिलं. आपल्या घराघरात आज्या हेच करतात, 'तुझी परीक्षा काल होती ना, गणिताचा पेपर अवघड होता म्हणे'. युद्धानंतर शार्फ अमेरिकेत गेला, मोझेकचा कारागीर झाला, फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डच्या सिंड्रेला महालात त्याचं काम आहे. ज्यांना पकडलं त्यांच्याच देशात पोट भरलं.

तिकडे पॅसिफिकमध्ये अमेरिकन मरीनचा शेरवूड मोरान, जपानात कितीतरी वर्षं मिशनरी म्हणून राहिलेला, जपानी अस्खलित. मरू पण शरण जाणार नाही म्हणणारे जपानी सैनिक त्याच्याशी बोलायचे, कारण तो आधी जखमेची विचारपूस करायचा आणि त्यांच्या गावाकडच्या भाषेत बोलायचा. भाषा ही गोष्ट किती मोठी! आमच्या ठाण्याचाच किस्सा बघा, १८१५ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या खास मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांना ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं होतं, तेच आताचं सेंट्रल जेल. पहाऱ्याला मुद्दाम गोरे शिपाई. एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणी म्हणायचा आणि गाण्यातून पळायचा अख्खा बेत सांगायचा, गोऱ्यांना वाटायचं काम करता करता गुणगुणतोय. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पसार. माहिती कानावर रोज पडत होती, मराठी कळत नव्हतं एवढंच.

आपल्या काळातलं पाहिजे तर डेव्हिड हेडली. २६/११ ची रेकी त्याने केली. २००९ मध्ये शिकागोत पकडल्यावर त्याने सौदा केला, फाशी नको आणि भारताच्या ताब्यात देऊ नका, बदल्यात बोलतो. बोलला भरपूर. २०१० मध्ये एनआयएच्या लोकांशी बोलला, २०१६ मध्ये मुंबईच्या कोर्टात व्हिडिओवरून साक्ष दिली. आपल्याला राग येतो की तो वाचला, मलाही येतो. पण माहिती विचाराल तर सौद्याने आली.

आणि कसाब. तुकाराम ओंबळेंनी त्याची रायफल छातीशी धरून ठेवली म्हणून तो जिवंत हाती लागला, नाहीतर विचारायला कोणीच नव्हतं. पहिल्याच रात्री हॉस्पिटलच्या बेडवर त्याची विचारपूस चाललेला व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिलाय, साहेब विचारतायत आणि तो सांगतोय. आणि तो काय सांगतोय ते ताडून बघायला फोनवरचं रेकॉर्ड झालेलं बोलणं होतं, कुबेर बोट होती, सीएसटीचे फोटो होते. म्हणून ती केस सुप्रीम कोर्टापर्यंत टिकली.

प्र. आपल्या इतिहासात तर मोगल-मराठे सगळेच छळ करायचे ना?

करायचे. पण छळून माहिती काढायची सगळ्यात मोठी गोष्ट मराठी माणसाला कुणी सांगायला नको. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरला छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले, ११ मार्चला त्यांना मारलं, मधले दिवस काय केलं ते लिहवत नाही. सांगतात की औरंगजेबाचे प्रश्न दोन होते, खजिने कुठे आहेत आणि माझे कोणते सरदार तुला फितूर आहेत. जगातल्या सगळ्यात बलाढ्य बादशहाला चाळीस दिवसांत दोन्हीचं उत्तर मिळालं नाही. एका माणसावरून सिद्धांत काढू नये हे मान्य, असा माणूस लाखात एक. पण ज्याच्याकडे खरी मोठी माहिती असते तो बहुतेक वेळा तयारीचाच असतो, आणि पहिल्या फटक्याला जो कोसळतो तो खारघरचा वॉचमन असतो.

प्र. ७/११ च्या केसमध्ये नेमकं झालं काय? लोक म्हणतात टेक्निकल मुद्द्यावर सुटले.

११ जुलै २००६, वेस्टर्नच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट, माटुंगा रोडपासून आपल्या जिल्ह्यातल्या मीरा रोडपर्यंत, १८० च्या वर माणसं गेली. माझा एक शाळेतला मित्र त्यातल्या एका गाडीच्या मागच्या डब्यात होता, अजून फर्स्ट क्लासमध्ये चढत नाही.

केस मोक्काखाली, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याखाली चालली. मोक्कात डीसीपीसमोर दिलेली कबुली चालते, मघाशी सांगितलेला नियम तिथे लागत नाही. २०१५ मध्ये खालच्या कोर्टाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. हायकोर्टाने २०२५ मध्ये सगळं उलटवलं. कबुल्या छळ करून घेतल्या असं म्हटलं, वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांत मजकूर तसाच्या तसा उतरवल्यासारखा आहे म्हटलं, साक्षीदार आणि रिकव्हरीही धरली नाही. तीन दिवसांत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुटलेल्यांनी परत जेलमध्ये जायची गरज नाही, पण हा निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून वापरू नका. सरकारचं अपील तिथे आहे, म्हणून खरं कोण यावर मी बोलणार नाही.

टेक्निकल म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो. हायकोर्ट म्हणालं ते बरोबर असेल तर ज्यांनी खरंच बॉम्ब ठेवले त्यांना एकोणीस वर्षं कुणी शोधलंच नाही, कारण उत्तर कागदावर सही करून मिळालं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, त्यात आपण संन्याशाबद्दल हळहळतो आणि चोर सुटला हे विसरून जातो. आणि हायकोर्ट चुकलं असेल, माणसं तीच असतील, तर कोठडीतल्या त्या कबुल्यांनीच पक्की केस नासवली. कुठूनही बघा. ब्रिटनमध्येही हेच झालं, १९७४ च्या बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटात सहा जण आत गेले, त्यातल्या चौघांच्या कबुल्यांवर मोठी भिस्त होती, १९९१ मध्ये निर्दोष सुटले, तेव्हा कुठे तिथल्या पोलिसांनी चौकशीची पद्धत मुळापासून बदलली, कबुली काढणं बंद आणि माहिती गोळा करणं सुरू.

प्र. नार्को टेस्ट का नाही करत सरळ? त्यात तर मार नाही.

संमतीशिवाय करता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा मे २०१० चा सेल्वी निकाल. आणि गुंगीत माणूस खरंच बोलतो हा सिनेमाचा समज आहे, गुंगीत माणूस फक्त बोलतो.

प्र. पोलिसांची बाजू पण सांगा की. सगळा दोष त्यांनाच?

नाही हो. तपास अधिकाऱ्याकडे एका वेळी ढीगभर केसेस, मधेच मंत्र्यांचा बंदोबस्त, गणपतीत पंधरा दिवस झोप नाही, फॉरेन्सिकचा रिपोर्ट यायला महिनोन्‌महिने. आणि बाहेर आपण उभे, चॅनलवाले उभे, ४८ तासांत आरोपी पाहिजे. एका रिटायर्ड हवालदाराने मला सांगितलं, साहेब, लोक मोर्चा घेऊन येतात ते कधी म्हणत नाहीत की नीट तपास करा, म्हणतात आमच्या ताब्यात द्या. खबरी सांभाळायचा तर पैसा आणि वर्षं लागतात, पट्ट्याला काहीच लागत नाही. शिवाजी महाराजांच्या बहिर्जी नाईकांचं कौतुक आपण पोवाड्यात करतो, पण आजच्या बहिर्जीला खबरीच्या चहापाण्याचे पैसे खिशातून घालायला लागतात.

प्र. भारतात छळाविरुद्ध वेगळा कायदा आहे का?

नाही. युनोच्या छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, मंजुरी अजून नाही. २०१० मध्ये लोकसभेने विधेयक पास केलं, पुढे बारगळलं. २०१७ मध्ये लॉ कमिशनने परत मसुदा दिला, तो पडून आहे. जे आहे ते सुप्रीम कोर्टाचं, १९९६ चा डी. के. बसू निकाल, अटक केली की नातेवाइकाला कळवा, मेमो करा, दर ४८ तासांनी मेडिकल, आणि २०२० चा निकाल की प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही पाहिजे, चौकशीच्या खोलीत पण. घरातलं कुणी आत असेल तर त्या फुटेजसाठी पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, नंतर मागितलं की नेमका त्या दिवशी कॅमेरा बंद असतो.

प्र. त्या खारघरच्या वॉचमनचं पुढे काय झालं?

हे विचारणारे तुम्ही दुसरेच, पहिली माझी बायको. सोमवारी सकाळी एजन्सीने दुसरा माणूस पाठवला. पोराचे अकरा दिवसांचे पैसे द्यायचे होते, ते 'घेऊन जा म्हणावं' असं ठरलं, तो आला नाही. मी म्हटलं कम्प्लेंट करूया, मी फुकट बघतो, तर त्याचा फोन त्याच्या मामाने उचलला आणि म्हणाला, साहेब, त्याला वाटतंय की बाईक खरंच त्याच्याकडूनच गेली असंल, रात्री डोळा लागला होता त्याचा.